एवढ्यासाठी एवढं?
(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'पांचट विनोद' असं कळवलं होतं. बाहेरच्या फलकावर 'शब्दनिष्ठ विनोदाची मीमांसा' असं लिहिलेलं आहे. दोन्ही एकच. मीमांसा ऐकायला आलेल्यांनी निराश होऊ नये आणि पांचटपणा ऐकायला आलेल्यांनी घाबरू नये.

विनोदाच्या एका बदनाम प्रकाराबद्दल मला बोलायचं आहे. एखादा गृहस्थ गोष्ट सुरू करतो. गोष्टीत माणसं येतात, त्यांचे मेहुणे येतात, बैल येतो, पाऊस येतो, कोर्टाची तारीख येते. आपण कान देऊन बसतो, कारण एवढं सगळं जमवलंय त्या अर्थी शेवटी काहीतरी मोठं घडणार. आणि शेवटी घडते ती एक कोटी. एका शब्दानं कोलांटी मारली की गोष्ट संपते. आपण कपाळावर हात मारतो, 'एवढ्यासाठी एवढं?' म्हणतो आणि सांगणारा मात्र तृप्त चेहऱ्यानं सुपारी कातरायला घेतो. आजची मुलं याला 'पीजे' म्हणतात. आधीच्या पिढ्या 'पाचकळ' म्हणायच्या. नावं बदलली, कपाळावरचा हात तोच राहिला.

माझं म्हणणं एवढंच आहे की, शेवटची कोटी जितकी क्षुल्लक, तितकी तिच्या आधीची गोष्ट चांगली सांगावी लागते. आणि ऐकणारा जो कण्हतो, त्या कण्हण्यात तक्रार थोडी आणि कबुली जास्त असते.

इंग्रजीत या जातीला 'शॅगी डॉग स्टोरी' म्हणतात, म्हणजे केसाळ कुत्र्याची गोष्ट. तिची रूपं अनेक आहेत, त्यातलं एक सांगतो. लंडनमधल्या एका बड्या घरचा अत्यंत केसाळ कुत्रा हरवतो. वर्तमानपत्रात जाहिरात येते. ती अमेरिकेत एका भल्या माणसाच्या हाती पडते. तो हुबेहूब तसाच कुत्रा शोधून काढतो, त्याला घेऊन बोटीनं अटलांटिक ओलांडतो, वादळात दोघांना बोट लागते, धुक्यात पत्ता सापडत नाही, अखेर तो दार ठोठावतो. दार उघडणारा नोकर कुत्र्याकडे बघतो, 'इतका काही केसाळ नव्हता हो,' म्हणतो आणि दार लावून घेतो. संपलं. एरिक पार्ट्रिज या शब्दकोशकारानं या प्रकारावर १९५३ साली एक छोटेखानी पुस्तकच लिहिलं.

या गोष्टीत कोटी नाही, नुसता पचका आहे. पचक्याला कोटीची जोड देणारे लोक लवकरच निघाले. १९५६ पासून अमेरिकेतल्या 'द मॅगझीन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन' या मासिकात फर्डिनंड फेघूट नावाच्या पात्राच्या छोट्या छोट्या गोष्टी येऊ लागल्या. फेघूट काळ आणि अवकाशात मनमुराद भटकायचा आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कुठल्यातरी प्रसिद्ध इंग्रजी वचनाची मोडतोड करून ठेवायचा. लेखकाचं नाव छापलं जायचं ग्रेंडेल ब्रायर्टन. हे टोपणनाव. खरं नाव रेजिनल्ड ब्रेटनर. दोन्ही नावं इंग्रजीत लिहून पाहा, तीच १५ अक्षरं उलटसुलट लावलेली दिसतील. ज्याला स्वतःच्या नावाशीही सरळ वागता येत नाही, तो म्हणींशी काय सरळ वागणार!

त्याच १९५६ साली बीबीसी रेडिओवर 'माय वर्ड' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन या दोघांना त्यात एकेक सुप्रसिद्ध वचन दिलं जायचं. ते वचन मुळात कसं जन्माला आलं याची साफ खोटी, लांबलचक हकिगत त्यांनी सांगायची आणि हकिगतीच्या शेवटी ते वचन वेडंवाकडं होऊन बाहेर यायचं. श्रोत्यांना ठाऊक असायचं की गाडी त्या वचनापाशीच येऊन थांबणार आहे. तरी ती तिथे कुठल्या वाटेनं पोचते, हे ऐकायला लोक वर्षानुवर्षं रेडिओला कान लावून बसले.

जपानातला राकुगो तर याहून जुना. कथेकरी गादीवर गुडघे मोडून बसतो. हातात घडीचा पंखा आणि एक लहानसं फडकं. एवढ्या साहित्यावर तो सासू, जावई, दारुडा, घरमालक अशी सगळी चाळ उभी करतो. गोष्टीच्या शेवटच्या टोल्याला 'ओची' म्हणतात. ओचीचे प्रकार पाडलेले आहेत आणि त्यातला एक निव्वळ शब्दश्लेषाचा. रसिकांना गोष्ट पाठ असते, ओची पाठ असते, तरी ते तिकीट काढून येतात. आपण 'गीतरामायण' ऐकायला जातो ते सीतेचं पुढे काय होतं हे कळावं म्हणून थोडंच जातो!

आता घरी येऊ. घरी म्हणजे पैठणला.

सोमदेव नावाच्या काश्मिरी कवीनं ११व्या शतकात 'कथासरित्सागर' लिहिला. त्यात प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाची एक हकिगत आहे. वसंत ऋतू. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करतोय. तो एका राणीवर पाणी उडवतो, उडवतच राहतो. राणी नाजूक आणि विद्वान. अशा राण्या जपून हाताळाव्या लागतात. दमून ती संस्कृतात म्हणते की मला आता पाण्यानं मारू नका. 'नको' याला 'मा', 'पाण्यानं' याला 'उदकैः'. दोघांचा संधी होतो आणि उच्चार येतो 'मोदकैः'. राजाच्या कानाला 'मोदकांनी' एवढंच ऐकू येतं. आज्ञा सुटते. सेवक धावतात. मोदकांची ताटं तळ्याकाठी हजर होतात. ते उकडीचे होते की तळणीचे, याबद्दल सोमदेव मौन पाळतो.

राणी हसते. नुसती हसून थांबत नाही. पाण्यात मोदकांचं काय काम, तुम्हाला 'मा' आणि 'उदक' यांचा संधीही कळत नाही, प्रसंगही कळत नाही, असं सगळ्यांसमोर सुनावते. परिवार हसतो. राजा ओल्या अंगानं महालात जातो, अंथरूण धरतो, जेवत नाही, बोलत नाही. प्रधान घाबरतात. अखेर कारण कळतं. राजाला व्याकरण शिकायचंय.

गुणाढ्य नावाचा मंत्री म्हणतो, व्याकरणाला एरवी १२ वर्षं लागतात, मी ६ वर्षांत शिकवतो. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणतो, मी ६ महिन्यांत शिकवतो. गुणाढ्य चिडून पैज लावतो: तू ६ महिन्यांत शिकवलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडेन. शर्ववर्मा म्हणतो, मला जमलं नाही तर १२ वर्षं तुझ्या पादुका डोक्यावर वाहीन. मग शर्ववर्मा कार्तिकेयाची आराधना करतो आणि त्याच्या कृपेनं सुटसुटीत असं 'कातंत्र' व्याकरण मिळवतो. हे व्याकरण कथेतलं नाही, खरोखरच आहे. बंगालपासून तिबेटपर्यंत ते शिकलं गेलं. पाणिनीला भ्यायलेल्या विद्यार्थ्यांनी त्या मोदकांचे आभार मानायला हवेत.

राजा शिकतो. गुणाढ्य हरतो. माणसांच्या तिन्ही भाषा गेल्यावर बोलणार काय? तो विंध्याच्या रानात जातो, पिशाच्चांची भाषा शिकतो आणि तिच्यात ७ लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहितो, तीही स्वतःच्या रक्तानं. राजा ती नाकारतो. गुणाढ्य टेकडीवर अग्नी पेटवतो, पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवतो आणि ते जाळतो. हरणं चरायचं विसरून रडत ऐकतात. इकडे राजवाड्यात मांस वाळकं येऊ लागतं, राजा आजारी पडतो, चौकशी होते आणि कळतं की रानातली जनावरं गोष्ट ऐकत उपाशी बसली आहेत. राजा धावत जातो. तोवर ६ लाख श्लोक जळालेले असतात. उरलेला १ लाख तो घेऊन येतो.

आता हिशेब करा. एका बाजूला एक संधी, 'मा' अधिक 'उदकैः'. दुसऱ्या बाजूला एक व्याकरण, एक वनवास, एक आजारपण आणि ७ लाख श्लोक. केसाळ कुत्र्याच्या जातीच्या गोष्टींत आधी लांबण आणि शेवटी पचका किंवा कोटी असते. पैठणकरांनी क्रम उलटा केला: आधी कोटी झाली आणि लांबण अजून चालू आहे.

या हकिगतीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कोटी न कळलेला माणूस क्षणात एकटा पडतो. राज्य त्याचं, तळं त्याचं, मोदकही त्याच्याच मुदपाकखान्यातले. पण हसणारे सगळे एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला. गणित चुकलं तर माणूस ते पुन्हा मांडतो. कोटी चुकली तर त्याला आपण या घरातले नाही असं वाटतं. कोटीला समान भाषा लागते, आणि नुसती भाषा पुरत नाही, तिच्यातल्या म्हणी, देव, भाज्या आणि भांडणंही समान लागतात. म्हणून कोटी ऐकून जो कण्हतो तो आत असतो. ज्याला ती समजावून सांगावी लागते तो अजून दारात उभा असतो.

राजशेखर आपल्या 'काव्यमीमांसे'त सांगतो की सातवाहन राजानं अंतःपुरात फक्त प्राकृत बोलायचा नियम केला होता. विद्वान याची कारणं प्राकृताच्या राजाश्रयात शोधतात, आणि ती रास्त असतील. महाराष्ट्री प्राकृतातली 'गाहा सत्तसई' हाल सातवाहनाच्याच नावावर आहे. माझ्यासारख्या सामान्य वाचकाला मात्र त्या नियमामागे मोदकांची ताटं दिसतात. दुधानं तोंड पोळलेला नवरा ताकही फुंकून पितो, आणि संधीनं पोळलेला भाषाच बदलतो.

लांबणीचा अर्क पाहायचा असेल तर आपल्या घरात कापूसकोंड्याची गोष्ट आहे. तिच्यात कोटी नाही, कुत्रा नाही, शेवट तर नाहीच. खरं म्हणजे गोष्टही नाही. पोर म्हणतं, गोष्ट सांग. आजी विचारते, कापूसकोंड्याची सांगू? पोर 'हो' म्हणालं तरी त्याच शब्दांत प्रश्न परत येतो, 'नको' म्हणालं तरी परत येतो, रडलं तर रडण्यालाही तेच उत्तर मिळतं. कापूसकोंड्या कोण, त्याचं पुढे काय झालं, याचा पत्ता पिढ्यान्‌पिढ्या कुणाला लागलेला नाही. आणि तरी पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मागतं. कारण त्याला गोष्टीपेक्षा आजीचं लक्ष हवं असतं, आणि ते तेवढा वेळ पुरतं मिळालेलं असतं. लांबलेल्या गोष्टीचं पहिलं मोल हे आहे. सांगणारा आणि ऐकणारा काही काळ एकमेकांना सोडत नाहीत.

दुसऱ्या टोकाला नुसत्या कोट्या. आपल्या पंडितकवींनी इथे हात राखला नाही. संस्कृतात कविराजाचं 'राघवपांडवीय' आहे. त्यात तोच श्लोक एका अंगानं वाचला तर रामाची कथा आणि दुसऱ्या अंगानं वाचला तर पांडवांची. एवढा लांब श्लेष करायला छातीच लागते. आपल्या बारामतीकर मोरोपंतांची १०८ रामायणं रचल्याची ख्याती. त्यात एक 'निरोष्ठ रामायण' आहे, म्हणजे ओठ न मिटता म्हणायचं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं त्यात नाहीत. राम सांगायचा आणि 'म' वापरायचा नाही! हे वाचताना थक्क व्हायला होतं. हसू मात्र फारसं येत नाही, कारण कवीनं आपल्याला फसवून कुठे नेलेलं नसतं. दारातच पाटी लावलेली असते की आत चमत्कार आहे.

तमाशातल्या बतावणीत पाटी नसते. गण झाला, गौळण झाली की बतावणी सुरू होते आणि सोंगाड्या प्रत्येक शब्द नेमका नको त्या अर्थानं घेतो. सरदार विचारतो एक, हा ऐकतो भलतंच. बतावणीला कथानक असं नसतंच. वग सुरू होईपर्यंत वेळ काढायचा असतो. पण वेळ काढण्याची ही कला इतकी पिकली की पुष्कळ लोक वग विसरतात आणि बतावणी लक्षात ठेवतात.

छापील मराठी विनोदात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' वाढले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटानं समाजाच्या खुळ्या चालींची टर उडवली, पण वाक्यावाक्याला कोटी होती. कोल्हटकरांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी 'बाळकराम' या नावानं विनोद लिहायला बसले ते गुरूपेक्षा जोरात. 'एकच प्याला'तला तळीराम आठवा. त्याच्या कोट्यांवर हसता हसता आपण एका घराचा सत्यानाश बघत असतो. तिथे कोटी पात्राच्या तोंडची असते, दारूसारखीच सवयीची, आणि म्हणून ती शोभते. इतरांच्या हातात कोटीचा सुकाळ झाला आणि ती स्वस्त झाली. वाक्यागणिक कोटी आली की वाचक सावध होतो. सावध माणसाला फसवता येत नाही आणि न फसलेला माणूस कण्हत नाही.

चिं. वि. जोशींनी हे ओळखलं. त्यांनी शब्दाला थोडी सुट्टी दिली आणि प्रसंगाला कामाला लावलं. पुस्तकाला नाव दिलं 'चिमणरावाचे चऱ्हाट'. लांबण लावणार आहोत, हे मुखपृष्ठावरच कबूल करणारा लेखक विरळा. पुढे पु. ल. देशपांड्यांनी दोन्ही धागे एकत्र वळले. 'असा मी असामी' या शीर्षकातच कोटी आहे. त्यांची 'म्हैस' घ्या. एस.टी.समोर म्हैस येते, गाडी थांबते. तेवढ्या घटनेभोवती मालक, पुढारी, पोलीस, प्रवासी असा सगळा महाराष्ट्र गोळा होतो. घटना हातभर, माणसं गाडीभर. आपल्याला म्हशीची चिंता नसते, गाडी सुटण्याची घाई नसते. लांबलेली गोष्ट जमली आहे की नाही याची ही खरी परीक्षा. ऐकणारा 'पुढे काय?' असं विचारायचा थांबला पाहिजे.

आता कारागिरीबद्दल थोडं. ही गोष्ट शेवटाकडून बांधतात. आधी कोटी ठरवायची. ती सगळ्यांच्या ओठावर असलेल्या म्हणीवर किंवा वचनावर हवी. शेवटी अर्थ सांगावा लागला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. मग त्या म्हणीतल्या एकेका वस्तूला गोष्टीत काम द्यायचं, आणि ते इतक्या साध्या कारणानं की कुणाला संशय येऊ नये. मग खोट्या वाटा काढायच्या. एक बैल, एक सुतार, एक हरवलेली किल्ली, ज्यांचा शेवटाशी काही संबंध नाही. पण प्रत्येक खोटी वाट स्वतःपुरती रमणीय हवी, कारण ऐकणारा तिच्यावर खरोखर चालणार आहे. सांगणाऱ्यानं मध्ये हसायचं नाही. शेवटचं वाक्य बोललं की पुढे एक शब्दही बोलायचा नाही.

हे तत्त्व झालं. दाखल्याशिवाय तत्त्व सांगणं बरं नाही, म्हणून एक गोष्ट सांगतो.

एक गाव होतं. नाव सांगत नाही, कारण तिथे अजून व्याख्यानं ठेवतात आणि मला बोलावणं येण्याची आशा आहे. गावात मारुतीचं देऊळ आणि चैत्रात हनुमान जयंतीचा उत्सव. उत्सवात कीर्तन. एका वर्षी एक बुवा आले. बुवा बोलायला थोडके. पूर्वरंग आटोपशीर, उत्तररंग त्याहून आटोपशीर, की लगेच आरती. पण दृष्टांत असे नेमके द्यायचे की अंगावर काटा यावा. पहिल्या रात्री त्यांनी रातोरात शेताचा बांध सरकवणाऱ्या माणसाचा दृष्टांत दिला. सगळ्या माना एकाच माणसाकडे वळल्या. दुसऱ्या रात्री दुधात पाणी घालणाऱ्याचा दिला. तीन माणसं उठून गेली, आणि त्यांतला एक तर चहावाला होता. तिसऱ्या रात्री बुवांनी सोसायटीच्या हिशेबाचा दृष्टांत काढला मात्र, मांडवावर दगड पडायला लागले. एक दगड तबल्याच्या डग्यावर पडला, आणि तबलजी सांगायचा की त्या रात्रीतली ती एकमेव सम बरोबर आली. बुवा पहाटेच्या गाडीनं गेले ते आपली एक चिपळी विसरूनच. ती पुढे कित्येक दिवस देवळाच्या कोनाड्यात होती.

दोन वर्षं कुणी बुवा यायला तयार होईना. तिसऱ्या वर्षी पाटलांच्या मेहुण्यानं घाटावरचे एक बुवा ठरवले. त्यांना आणायला गेलेल्या बैलगाडीचा डावा बैल गाणं म्हटल्याशिवाय चालत नसे, आणि गाडीवानाला एकच गाणं येत असे. त्यामुळे बुवा पोचले तेव्हा त्यांनाही ते पाठ झालेलं होतं. बुवांबरोबर एक पेटी होती. तिची काळी चारची पट्टी एकदा दाबली की वर येत नसे. सुतार बोलावला. सुतारानं पट्टी मोकळी केली, पण मग भात्याला भोक सापडलं. भात्याला लावायला चामडं हवं म्हणून चांभाराकडे गेले, तर चांभार लग्नाला गेलेला. शेवटी शाळामास्तरांनी जुन्या फुटबॉलचा तुकडा दिला. तेव्हापासून ती पेटी वरच्या सुरात गेली की मुलं 'गोल!' म्हणून ओरडायची.

बुवा मोठे विद्वान. आधीच्या बुवांचं काय झालं हे त्यांनी मेहुण्याकडून सविस्तर ऐकून घेतलं होतं. त्यांनी आख्यान लावलं रुक्मिणीस्वयंवराचं. पहिल्या रात्री रुक्मिणीच्या मनात कृष्णाला पत्र लिहायचं आलं. दुसऱ्या रात्री तिनं ते लिहिलं आणि सुदेव ब्राह्मणाच्या हाती दिलं. तिसऱ्या रात्री सुदेव निघाला, पण कौंडिण्यपुरातून बाहेर पडला नाही, कारण बुवा तिथल्या बाजारातल्या भाज्यांची नावं सांगत होते. पडवळापर्यंत आले तेव्हा बायका उठून गेल्या, त्यांना सकाळी निवडायची भाजी आठवली. चौथ्या रात्री सुदेव नर्मदेवर पोचला आणि बुवांनी नर्मदा परिक्रमेचं माहात्म्य काढलं. परिक्रमा नियमानं पूर्ण करायची असल्यामुळे पाचव्या रात्री सुदेव पुन्हा त्याच घाटावर होता. गावातले शेतकरी अंतराचा हिशेब करू लागले. या चालीनं द्वारका यायला पेरणी उलटून जाईल, असं निघालं.

दृष्टांतही तसेच. एक सिंह होता, तो फार लांबच्या रानात. एक राजा होता, तो कांचीचा. कुणाची मान कुणाकडे वळली नाही, कारण बहुतेक माना छातीवर पडलेल्या होत्या. तबलजी झोपेत ठेका धरायला शिकला. गॅसबत्तीत रॉकेल भरणारा पोरगा दर रात्री भरता भरता झोपायचा आणि बत्ती विझल्यावर अंधारात बुवा एकटेच नर्मदेच्या काठानं बोलत राहायचे.

सहाव्या दिवशी सकाळी चार माणसं बुवांच्या बिऱ्हाडी गेली. पाटील, तलाठी, शाळामास्तर आणि पेटी दुरुस्त केल्याचे पैसे मागायला म्हणून सुतार. बुवा ओसरीवर सुपारी कातरत होते. पाटलांनी खाकरून सुरुवात केली. "बुवा, राग मानू नका. तुमची विद्या मोठी, तुमचा आवाज मोठा. पण खरं सांगू का, गावाला तुमच्या कीर्तनाचा वीट आलाय."

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. उपरणं नीट केलं. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही. त्यांनी विचारलं, "पाटील, माझ्या आधीचे बुवा आले होते, त्यांच्या कीर्तनात काय आलं होतं?"

पाटील खाली बघत म्हणाले, "दगड."

"मग तक्रार कसली?" बुवा म्हणाले. "दगडापेक्षा वीट मऊ!"

श्रोतेहो, आपणही आज एकही दगड मारला नाहीत.